हवेची तहान

शारजातून बहिणीचा फोन येतो तो बहुतेक रात्री साडेदहानंतर, तिथली कामं आटोपल्यावर. एका जुलैत असाच फोन आला आणि तिचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, तुळस गेली गं." घरातलं माणूस आजारी असावं तसा आवाज. हॉलच्या कोपऱ्यात, देवघराशेजारी, पितळी कुंडीत ठेवलेली तुळस तीन आठवड्यांत पानं गाळून नुसती काडी उरली होती. पाणी तर रोज घातलं होतं. एसी दिवसरात्र चालू, म्हणजे उन्हाचा त्रासही नाही. मग गेली कशाने? त्याखाली आणखी एक प्रश्न होता, तो तिने उच्चारला नाही, पण आपल्या घरांतून सगळ्यांना ठाऊक असलेला: घरातली तुळस वाळली म्हणजे काही वाईट तर घडणार नाही ना?

त्या न विचारलेल्या प्रश्नाला मी तेव्हाच उत्तर दिलं, की तसं काही नसतं. पहिल्या प्रश्नाला मात्र हे सबंध प्रकरण लागलं.

मी भुकूमला राहते. चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलं की बावधन, भूगाव आणि मग भुकूम. राम नदी इथल्याच डोंगरउतारावर उगम पावते आणि पाषाण-बाणेरकडून मुळेला मिळते. आषाढात आमच्या भिंतींना ओल धरते, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. चैत्र-वैशाखात याच घरात दुपारी ओठ फुटतात, कारण हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते. आता आमच्याकडेही झोपायच्या खोलीत एसी आहे. त्यामुळे वाळवंटातल्या घरात झाडं कशी जगवायची हा प्रश्न आखातातल्या बहिणीचा जेवढा, तेवढाच वर्षातले अडीच महिने माझाही असतो. रियाधला माझा मावसभाऊ आहे, त्याच्याकडेही मनी प्लांटची पानं टोकाकडून करपत होती. तिघांच्या घरी एसी, तिघांकडे झाडं आजारी. आम्ही आधी समजलो की कारण एकच असणार. तिथेच आमची चूक झाली.

एसी म्हणजे गारवा असं आपण धरून चालतो. पण या यंत्राचा जन्म गारव्यासाठी झालेला नाही. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात एक अडचण होती. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या दिवशी आकसायचा आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने गार नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला दमटपणा काबूत आणणारी यंत्रणा आखली. हवेतलं पाणी काढणं हे पहिल्यापासून एसीचं मूळ काम आहे. खोलीतल्या हवेला गार कॉइलचा स्पर्श होतो आणि थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसं हवेतलं बाष्प तिथे जमून नळीवाटे बाहेर टपकतं. खिडकीखालची ती नळी म्हणजे तुमच्या हवेतून किती पाणी निघालं याचा हिशेबच आहे.

तो हिशेब तीन घरांत वेगवेगळा निघतो. शारजा समुद्राला लागून आहे. ऑगस्टच्या दिवशी बाहेर 40 अंश तापमान आणि 45 टक्के आर्द्रता असेल, तर त्या एक घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाणी असतं. एसी त्यातलं जवळजवळ निम्मं पिळून काढतो. म्हणून बहिणीच्या बाल्कनीतली बादली सकाळपर्यंत भरते. एवढं पाणी काढूनही तिच्या खोलीत 24 अंशांवर पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता उरते. रियाध समुद्रापासून दूर, आत वाळवंटात. तिथे जूनमध्ये 43 अंश आणि जेमतेम 10 टक्के आर्द्रता असते. हीच हवा पाणी न काढता नुसती 24 अंशांपर्यंत गार केली तरी तिची आर्द्रता भरते फक्त 29 टक्के. काढायला पाणीच नाही, म्हणून मावसभावाच्या एसीची नळी उन्हाळ्यात कोरडी असते. आणि भुकूमची एप्रिलची दुपार? बाहेर 38 अंश, 20 टक्के. गार खोलीत चाळीसच्या आसपास.

म्हणजे तिघांत सर्वांत सुखी हवा शारजाची निघाली, आणि झाड गेलं तेही शारजातच. हे लक्षात आलं त्या दिवशी मी बहिणीला पुन्हा फोन लावला.

आधी कोरड्या हवेचं काम काय ते पाहू. पानाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म तोंडं असतात, पर्णरंध्रं. ती उघडल्याशिवाय झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळत नाही आणि उघडली की आतली ओल बाहेर जाते. पानाच्या आत हवा जवळपास शंभर टक्के दमट असते. बाहेरची हवा जितकी कोरडी, तितकी ओढ जोराची. शंभरातून खोलीची आर्द्रता वजा करा. उरेल त्याला मी हवेची तहान म्हणते. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा, मोठ्या झाडांच्या खोडांवर चढणारा वेल. तशा दमट रानात झाडांखाली आर्द्रता पंच्याऐंशी टक्के असेल तर हवेची तहान पंधरा. रियाधच्या खोलीत ती एकाहत्तर. तापमान सारखंच धरलं तर पानावरची ओढ जवळजवळ पाचपट झाली. मुळं कितीही ओलीत असली तरी पानाच्या टोकापर्यंत पाणी त्या वेगाने पोचवणं वेलाला जमत नाही. टोक हे पाण्याच्या वाटेचं शेवटचं गाव. आधी तेच वाळतं.

त्यात एसीचा झोत थेट पानावर येत असला तर आणखी वाईट. प्रत्येक पानाभोवती स्थिर, दमट हवेचा एक पातळ पदर असतो, तो पानाला राखतो. झोताने तो सतत पुसला जातो. म्हणून झाड एसीच्या समोरच्या भिंतीशी कधी ठेवू नये. कुंडीच्या जागी हात धरून पाहा. हातावर वारा जाणवला तर जागा बदला.

मावसभावाचा आजार हा होता, कोरड्या हवेचा. बहिणीच्या घरात आजार वेगळा होता आणि तोच आपल्या बहुतेक घरांत असतो.

तुळस उन्हाची. तिला दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवं. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख दिसते, कारण अंधार वाढला की डोळ्यांची बाहुली मोठी होते आणि उजेडातला फरक आपल्याला जाणवतच नाही. झाडाला ती सोय नाही. भर दुपारी अंगणात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून दहा फुटांवर, सोफ्याच्या कोपऱ्यात, तो शंभर-दोनशे लक्सपर्यंत उतरतो. आखातातल्या इमारतींच्या काचा उन्हापासून बचावासाठी रंगीत किंवा आरशासारख्या असतात, आणि उन्हाळ्यात जाड पडदे दिवसभर ओढलेले. वाळवंटात उन्हाचा सुकाळ असतो, पण वाळवंटातल्या घरात मात्र अंधार. बहिणीची तुळस त्या अंधारात उपाशी होती. उपाशी झाड पाणी पीत नाही, त्याला ते वापरता येत नाही. आणि रोज सकाळी पूजेनंतर तिच्या मुळाशी तांब्याभर पाणी पडत होतं, तेही पितळी कुंडीत, जिला खाली भोक नव्हतं.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. त्या कायम पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. मलूल पान पाहिलं की घरातलं कोणी तरी मायेने आणखी पाणी घालतं. एसीच्या घरात जाणाऱ्या झाडांपैकी बहुतेक याच फेऱ्यात जातात असं माझं स्पष्ट मत आहे. तहानेने मेलेलं झाड मी फार थोडं पाहिलंय. पानाच्या टोकाचा तपकिरी, कुरकुरीत करपा हे कोरड्या हवेचं किंवा साचलेल्या क्षाराचं लक्षण; खालची पानं पिवळी होऊन मऊ गळणं आणि मातीला कुबट वास येणं हे मुळं कुजल्याचं. ही दोन लक्षणं वेगळी ओळखता आली तर अर्धं काम झालं.

पाणी कधी द्यायचं याचा वार ठरवू नये. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर परत या. मोठ्या कुंडीत बांबूची बारीक काडी खोचून ठेवावी. काढली की ओली माती कुठपर्यंत चिकटली ते दिसतं. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे कुंडी उचलून पाहणं. पाणी दिल्यावर लगेच एकदा उचला, मग रोज उचला. चार-सहा दिवसांत हाताला वजन कळू लागतं.

माती हा आणखी एक सापळा. उरुळी कांचनपासून आमच्या पौड रस्त्यापर्यंत नर्सरीतलं रोप बहुतेक वेळा चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतं. शेतातून रोप काढून विकायला ती माती सोयीची असते, गोळा फुटत नाही. पण एसीच्या खोलीत ती आठ-आठ दिवस ओली राहते आणि एकदा वाळली की विटेसारखी होते, मग पाणी कडेकडेने खाली निघून जातं. आणलेलं रोप पंधरा दिवस तसंच ठेवावं. मग पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर कुंडी बदलताना मातीचा बाहेरचा भाग हलक्या हाताने सोडवावा आणि कोकोपीट, गांडूळखत आणि परलाइट किंवा विटांचा चुरा असं सैल मिश्रण भरावं. तळाच्या भोकावर खापरी ठेवावी. पितळेची, चिनी मातीची सुंदर कुंडी वापरायचीच असेल तर रोप भोकाच्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती आत बसवावी आणि साचलेलं पाणी ओतून टाकावं.

आता पाण्याविषयी, कारण आखातात पाणी स्वतःच एक प्रश्न आहे. तिथे इमारतींच्या टाक्या गच्चीवर उन्हात असतात. जून ते सप्टेंबर थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल इतकं गरम पाणी येतं. कित्येक मराठी घरांतून उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्याच्या टाकीतलं पाणी थंड म्हणून वापरतात, कारण गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो. नळाचं पाणी तसंच कुंडीत गेलं तर कोवळी मुळं भाजतात. रात्री बादली भरून घरात ठेवावी, सकाळी द्यावी.

दुसरी गोष्ट क्षारांची. पाणी कुठलंही असो, समुद्राचं गोडं केलेलं किंवा आमच्या सोसायटीत येणारं बोअरचं आणि टँकरचं, त्यात थोडे क्षार असतातच. कोरड्या हवेत पाणी उडून जातं, क्षार कुंडीत राहतात. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी साय दिसते ती त्यांची. मोरीत कुंडी ठेवून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भरपूर पाणी सावकाश सोडावं, खालून वाहू द्यावं, निथळू द्यावं. झारीने रोज थोडं थोडं पाणी शिंपडल्याने क्षार धुतले जात नाहीत, साठत जातात.

आणि इथे ती एसीची बादली कामाला येते. ते पाणी हवेतून आलेलं, म्हणून त्यात क्षार जवळपास नसतात. पिण्यासाठी ते चालणार नाही, कॉइलवरची धूळ आणि जंतू त्यात असतात. झाडांना मात्र उत्तम. शारजात उन्हाळ्यात ते फुकट आणि रोज मिळतं. बहिणीकडे आता बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या त्यावरच आहेत. पण इथे एक सावधगिरीची सूचना, विशेषतः विदर्भातल्या वाचकांसाठी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि घरोघरी कूलर चालतो. कूलरचं काम एसीच्या उलट आहे: ओल्या वुडवूलमधून किंवा वाळ्याच्या ताट्यांतून हवा आत येते आणि येताना पाणी घेऊन येते. म्हणून कूलरच्या घरात झाडं एसीच्या घरापेक्षा खुशाल असतात. पण कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी हे आटवलेलं पाणी आहे, त्यातले क्षार रोज वाढत गेलेले असतात. बादलीत दोन्ही पाणी सारखंच दिसतं. एसीचं पाणी झाडाला द्या, कूलरच्या टाकीच्या तळाचं देऊ नका.

हवा दमट करण्याचे जे उपाय घरोघरी सांगितले जातात त्यांत सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे पानांवर पाणी फवारणं. साधा हिशेब करू. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा असते. 24 अंशांवर तिची आर्द्रता तीसवरून पन्नास टक्क्यांवर न्यायला साधारण दीडशे मिलिलिटर पाणी हवेत जावं लागतं, पेलाभर म्हणा. तुम्ही चार फवारे मारता त्यात दहा-पंधरा मिलिलिटरही नसतं, आणि दाराच्या फटीतून हवा बदलत राहते, एसी पुन्हा पाणी काढत राहतो. फवारणीने पान धुतलं जातं हा फायदा खरा. हवा दमट होते हा समज चुकीचा. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीवर कुंडी ठेवण्याचा गुणही थोडाच. झाडं एकत्र ठेवली तर त्यांच्या आपापल्या ओलीचा एकमेकांना आधार होतो, हा त्याहून बरा उपाय. रियाधसारख्या ठिकाणी खरा उपयोग होतो तो आर्द्रता वाढवणाऱ्या यंत्राचा, आणि ते घेण्याआधी दोन-तीनशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घ्यावा. शारजात तो पन्नास दाखवत असेल तर यंत्राची गरजच नाही, उलट भिंतीला बुरशी येईल.

फर्नसारखी खरोखर दमट रानातली झाडं आवडत असतील तर त्यांच्यासाठी काचेची पेटी करा. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी 1829 मध्ये एका बंद बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोष ठेवला होता. त्या मातीतून फर्नची रोपं उगवून आली. त्यांच्या बागेत धुराने फर्न जगत नव्हते, बाटलीत मात्र जगले, कारण तिथलं पाणी उडून काचेवर जमत होतं आणि पुन्हा मातीत उतरत होतं. 1833 मध्ये वॉर्ड यांनी अशा काचपेट्यांतून रोपं जहाजाने ऑस्ट्रेलियात सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या उतारांवर आणली ती याच पेट्यांतून. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात महिनोन् महिने ज्याने रोप जगवलं, ते एसीच्या खोलीतही जगवतं. मिठाईच्या दुकानातली मोठी काचेची बरणीही चालते. फक्त तिला थेट ऊन लागू देऊ नये, आत भट्टी होते.

पण यंत्र, पेटी, बादली या सगळ्यांपेक्षा मोठा निर्णय झाड निवडतानाच होतो. इथे आपल्या कुंपणावरची पानफुटी काही शिकवून जाते. बेंजामिन हाइने नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. त्यांनी पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं तर ते आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागलं. 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या प्रकाशनात हे निरीक्षण छापलं गेलं. त्याचं कारण कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. पानफुटी रात्री पर्णरंध्रं उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात पानात साठवते आणि दिवसा रंध्रं बंद ठेवून त्या साठ्यावर अन्न तयार करते. सकाळी पान आंबट लागतं ते त्या आम्लाने. दिवसा हवा सर्वांत तहानलेली असते तेव्हा तिचं दार बंद असतं.

हीच रीत स्नेक प्लांटची, कोरफडीची, आणि आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो त्या रात्री फुलणाऱ्या निवडुंगाची. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला. कोरफड तर मूळची अरबी द्वीपकल्पातलीच. भुकूमच्या बाल्कनीतली कोरफड शारजाला पोचली तर ती माहेरीच गेली म्हणायचं. झीझी प्लांट पूर्व आफ्रिकेतला, जमिनीखालच्या कंदात पाणी साठवणारा. ही चार-पाच झाडं एसीच्या कोरड्या खोलीत महिनाभर पाण्यावाचून सहज राहतात. त्यांना मारायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, रोज पाणी. कोरफडीला मात्र खिडकी हवी, ती कोपऱ्यात लांबट आणि लिबलिबीत होते. अडेनियमही अरबस्तान आणि आफ्रिकेतलं. आपल्या नर्सऱ्यांतून ते कलम करून विकलं जातं. आखातातल्या उन्हाच्या बाल्कनीत ते मनापासून फुलतं आणि आमच्याकडे जुलैत पावसात राहिलं तर खोडापासून सडतं, म्हणून मी ते मृगाच्या आधीच छपराखाली घेते.

मनी प्लांट या रांगेतला नाही, पण त्याच्याजवळ वेगळा गुण आहे, तो नुसत्या पाण्यात जगतो. बाटलीत ठेवलेल्या वेलाची मुळं त्या पाण्याला सरावतात आणि जास्त पाण्याची चिंताच उरत नाही. आठवड्याला पाणी बदलायचं, महिन्याला थोडं विरघळणारं खत. रियाधला आम्ही हेच केलं. वेल खिडकीपाशी आणला, झोतातून काढला, बाटलीत लावला. जुनी करपलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, ती तशीच राहिली. नवी पानं निरोगी आली.

घरातली झाडं हवा शुद्ध करतात म्हणून दहा-बारा कुंड्या शयनगृहात भरणारे लोक मला भेटतात. या समजुतीच्या मुळाशी 1989 चा नासासाठी केलेला एक अभ्यास आहे. तो छोट्या, बंद पेट्यांमध्ये झाला होता, माणसांच्या घरात नव्हे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. इमारतीत हवा जितकी आपोआप खेळते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. झाड ठेवावं ते त्याच्या सोबतीसाठी. ते कारण पुरेसं मोठं आहे.

कोरड्या, उबदार हवेत एक कीड फार माजते, लाल कोळी. पानाच्या मागे बारीक धूळ लागल्यासारखे ठिपके आणि अगदी तलम जाळी दिसली की तीच. उबेत तिची एक पिढी आठवडाभरात पुरी होते, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. झाड न्हाणीघरात नेऊन पानांची मागची बाजू कोमट पाण्याने धुवावी, दर चार-पाच दिवसांनी तीनदा तरी. आखातात उन्हाळ्यात शमाल वारा सुटतो तेव्हा धूळ बंद खिडक्यांतूनही आत येते; ओल्या फडक्याने पानं पुसली की उजेडही मिळतो आणि कोळीही वेळेवर दिसतो.

जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी लागते आणि मराठी घरं सहा-सहा आठवडे गावी येतात. एसी पूर्ण बंद केलेलं घर तापून चाळीसपर्यंत जातं. त्यात झीझीसुद्धा शिजेल. शक्य असेल तर एसी 28-29 अंशांवर चालू ठेवावा. सगळ्या कुंड्या पातळ पडद्याच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर एकत्र आणाव्यात, मध्ये पाण्याची बादली, आणि बादलीतून प्रत्येक कुंडीत जाड वात सोडावी. सुती वात पाण्यात कुजते, नायलॉन मिसळलेली दोरी टिकते. जाण्याआधी आठवडाभर हे मांडून पाहावं. शेजारच्यांना किल्ली देणार असाल तर त्यांना सांगून ठेवावं, की आठवड्यातून एकदाच, आणि कुंडी हलकी लागली तरच.

आपलं बागेचं पंचांग मृगापासून सुरू होतं. पहिल्या सरी आल्या की आम्ही भुकूमकर फांद्या खोवतो, रोपं लावतो. आखातात जून म्हणजे काहीच नवं लावू नये असा महिना. तिथला मृग कार्तिकात येतो. नोव्हेंबरमध्ये उन्हाचा कडाका सरतो, खिडक्या उघडतात, एसी थांबतात आणि एप्रिलपर्यंत बाल्कनीत मेथीपासून झेंडूपर्यंत सगळं उगवतं. तुळशीच्या लग्नाचा महिना आणि तिथे तुळस लावायचा महिना एकच आहे. घरातून बाहेर नेताना मात्र रोपाला एकदम उन्हात ठेवू नये. आधी सावली, मग सकाळचं तासभर ऊन, असे आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत.

त्या कार्तिकात बहिणीने तिथल्याच नर्सरीतून तुळशीची दोन रोपं घेतली. आपल्याकडून बॅगेत घालून रोप नेता येत नाही, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि तिथली परवानगी लागते. तो प्रयत्न कोणी करू नये. कुंडी मातीची, खाली भोक असलेली. जागा पूर्वेच्या बाल्कनीत, सकाळच्या उन्हाची. मंजिऱ्या आल्या की ती खुडते, कारण बी धरलं की तुळस लवकर म्हातारी होते. मेपासून सप्टेंबरपर्यंत दुपारच्या उन्हाला आड म्हणून निम्मी सावली देणारं शेडनेट. आणि देवघर? ते हॉलमध्येच आहे. सकाळी ती तांब्या घेऊन बाल्कनीत जाते, आधी कुंडी दोन्ही हातांनी जराशी उचलते. जड लागली तर त्या दिवशी पळीभरच पाणी, नैवेद्यापुरतं.

तुमच्या घरात आत्ता ज्या झाडाची काळजी वाटते आहे, त्याची कुंडी उचलून पाहा. जड असेल तर आज पाणी देऊ नका, तिला खिडकीकडे सरकवा.